पानथरीचा सौदा

१३ जानेवारी

आज मी बेल्ह्याच्या भर बैलबाजारात "प्लीहा, प्लीहा" असं ओरडले. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

झालं असं. चिमाआत्या नेहमीप्रमाणे बाजाराच्या कडेला लिंबाखाली बसली होती. ती बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. बाजाराच्या दिवशी काविळीची माळ देते, बदल्यात काही घेत नाही. तिच्यासमोर सहा-सात माणसं पिवळ्या तोंडानं ओळीत बसली होती. मी तिचा डबा घेऊन गेले होते. तेवढ्यात कुशाबा व्यापाऱ्यांचा खिलार बैल टेम्पोतून उतरताना बिथरला आणि त्याच्या खांद्याचा धक्का आत्याच्या डाव्या कुशीला बसला. आत्या कलंडली, उठली आणि बैलालाच चुचकारू लागली.

पण मी कालच शरीररचनेच्या पुस्तकात प्लीहेचा धडा पुन्हा वाचला होता, परीक्षेत तीन गुणांना असतो तो. प्लीहा डाव्या कुशीत, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या मागे असते. मुठीएवढी, जांभळट, रक्तानं गच्च भरलेली. जोरात मार लागला तर फुटते, आणि माणूस चांगला बोलत-चालत असताना आतल्या आत रक्तस्राव होतो. आत्या तेव्हा चांगली बोलत-चालत होती. यापेक्षा मोठा पुरावा मला सुचला नाही.

फुटलेल्या प्लीहेची कळ डाव्या खांद्यात येते असं पुस्तकात आहे, म्हणून मी आत्याला विचारलं, डावा खांदा दुखतोय का?

"दुखतोय की. ईस वर्सं झाली."

मग मात्र मी ओरडलेच. कुशाबांनी आम्हाला टेम्पोत घातलं आणि मंचरच्या दवाखान्यात आणलं. बैल कोणाकडे सोपवायला वेळ नव्हता, म्हणून तोही आला.

दुरुस्ती: "प्लीहा" मी दोनदा नाही, तीनदा ओरडले.

१४ जानेवारी

संक्रांत. फुटलेलं काही नाही. पण सोनोग्राफीत आत्याची प्लीहा एकोणीस सेंटिमीटर निघाली. अकरा-बारा असायला हवी. शिवाय पित्ताशयात खडे. म्हणजे मी चुकीच्या कारणासाठी बरोबर ओरडले. याचा आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून दिवसभर वाईट वाटतंय.

आत्याला मशीनचं काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "पानथरी वाढलीया. आमच्या आईची बी व्हती, लई मोठी. बसली की मांडीवर यायची." आमच्याकडे प्लीहेला पानथरी म्हणतात हे मला आज कळलं. दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसून "प्लीहा" पाठ करतेय आणि ती बिचारी ऐकून घेतेय.

दुपारी गुळपोळी अर्धीच गेली मला. पोट लगेच भरतं माझं. आई म्हणते, लहानपणापासूनच असं आहे.

१६ जानेवारी

दर गुरुवारी पुण्याहून एक सर्जन मॅडम मंचरला येतात. त्यांच्याकडे आत्याला नेलं. आत्याचं रक्त आधीच तपासायला दिलं होतं. लॅबमधला मुलगा सुदर्शन, निरगुडसरचा आहे, त्यानं मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी मधे दाबलेल्या असतात, थापून मधे अंगठा टेकवलेल्या कणकेच्या गोळ्यासारख्या. (उपमा माझी. सुदर्शन हसला. वाईट नसावी.) आत्याच्या पेशी मात्र गोल गोट्या आहेत. प्लीहेचं काम चाळणीचं. जुन्या, मोडक्या पेशी ती अडवते आणि संपवते. चांगल्या पेशी वाकून, दबून तिच्या फटींतून निघून जातात. गोट्यांना वाकता येत नाही. मग प्लीहा त्यांना मोडक्या समजून खात सुटते, खाऊन खाऊन फुगते. मेलेल्या पेशींचा पिवळा रंग रक्तात उतरतो, तोच डोळ्यांत दिसतो, आणि त्याचेच पित्ताशयात खडे होतात.

म्हणजे आत्याला जन्मापासून कावीळच आहे, पण ती यकृताची नव्हे, आणि कोणाला लागणारीही नव्हे. आईबापाकडून येते. मॅडम म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. बाबांचं लगेच घेतलं. मी माझी बस जाईल म्हणून थांबले नाही. माझा तर प्रश्नच नाही, मी आईच्या वळणावर गेलेय.

मॅडमचं म्हणणं, प्लीहा आणि पित्ताशय दोन्ही काढायला हवं. रक्त सहावर आलंय, आणि एवढी मोठी प्लीहा घेऊन बैलांच्या गर्दीत बसणं म्हणजे पुढचा धक्का बसायची वाट बघणं. दुर्बिणीतून ऑपरेशन होईल. पेशी गोलच राहतील, पण त्यांना खाणारं कोणी राहणार नाही, म्हणून रक्त वाढेल आणि डोळे पांढरे होतील.

इथपर्यंत आत्या मान हलवत होती. डोळे पांढरे म्हटल्यावर उठलीच.

बाहेर मी तिला खूप समजावलं. तिचं उत्तर एकच. लोक मानतात की आत्या समोरच्याची कावीळ ओढून आपल्या डोळ्यांत घेते. डोळे पिवळे आहेत म्हणून माळेवर भरवसा आहे. "पांढऱ्या डोळ्याची चिमाबाई कोन? कुनीबी न्हाई. बसंल घरात शेंगा फोडीत."

तीस वर्षं ती त्या लिंबाखाली बसतेय. तिला तिथे नाव आहे. मी पुस्तकातून तिला उत्तर शोधलं. प्लीहेचं वजन दीडशे ग्रॅम, रंग, कामं, सगळं आहे. नाव गेल्यावर काय करायचं, ते नाही.

१९ जानेवारी

झोप लागत नाही. मी औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरात पहिलीच शिकणारी, आणि माझी आत्या माळ देते. हे मी कॉलेजात कोणाला सांगितलेलं नाही. लपवणं म्हणजे खोटं बोलणंच. पण सांगितलं तर आत्याला हसतील. तेव्हा आधी माळच तपासावी असं ठरवलं.

माळ अशी: घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, देठाचे बोटभर तुकडे, एकेका तुकड्याला आत्या दोऱ्याचा फास देत जाते. माळ वीतभर होते, ती रोग्याच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. रोज ती लांबत जाते. गळ्यात येते, छातीवर येते, पोटावर येते. जेवढी लांब, तेवढी कावीळ ओढली. मी स्वतः लांबताना पाहिलीय.

आज आत्याकडून चार माळा करून घेतल्या. अभ्यासाला हव्यात म्हणाले. एक खिळ्याला टांगली, एक हातपंपाच्या दांड्याला, एक आमच्या सर्जा बैलाच्या शिंगाला. चौथी मी डोक्यावर ठेवली, निरोगी माणूस म्हणून. शास्त्रात त्याला नियंत्रण म्हणतात.

सुदर्शनचा फोन आला होता. "साधना, तुमचं रक्त राहिलंय." मी म्हटलं, चाचणी परीक्षा आहे. त्यानं कोणता विषय विचारलं. मग पुढचा पेपर कधी विचारलं. मग डबा नेता का विचारलं. लॅबवाल्यांना एवढी माहिती का लागते कळत नाही.

२५ जानेवारी

चारही माळा लांबल्या. खिळ्याची दोन हात. सर्जाची सगळ्यात लांब, त्यानं मान हलवली म्हणून असेल. हातपंपाचीही कावीळ उतरली.

कारण सोपं आहे. देठ वाळले की बारीक होतात, फास सैल पडतो, माळ लांबते. मी वहीत रोजची मापं लिहिली आहेत. ती वही आत्याला दाखवायला नेली. तिच्या तीस वर्षांवर मी पाणी ओतणार होते.

आत्यानं सर्जाची माळ हातात घेतली, ताणून पाहिली.

"मंग? मला काय ठावं न्हाई व्हय? वाळल्याव मोकळं व्हणारच की."

मी गारच झाले. मग का देतेस, म्हणून विचारलं. तिचं म्हणणं असं की माळ डोक्यावर असली की माणूस महिनाभर दारूला शिवत नाही, तेलकट खात नाही, पडून राहतो. माळ काढली तर त्याला घरात कोण बसवणार? आणि ज्याचं पोट फुगलंय, किंवा जो बरळायला लागलाय, त्याला ती माळ देतच नाही. सरळ दवाखान्यात पाठवते. हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.

तरीही हे बरोबर नाही. आणि तरीही पुरतं चूक आहे असंही मला लिहवत नाही.

माझ्या डोक्यावरची माळ इतरांपेक्षा हळू लांबली, कारण मी ती सारखी काढून मोजत होते.

२७ जानेवारी

आज फार मोठी चूक केली. लोकांना खरं सांगायचं ठरवलं.

लिंबाखाली पारगावचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांना मी बाजूला नेऊन मापांची वही दाखवली. माळ माणसामुळे लांबत नाही, बैलाच्या शिंगावरही लांबते, हा आमचा बैल, हे आकडे. त्यांनी फार मन लावून ऐकलं. शेवटी म्हाताऱ्यानं विचारलं, "आता बरा हाय का बैल?"

मी बरा आहे म्हणाले. तो खरंच बरा आहे.

३ फेब्रुवारी

लिंबाखाली आज अकरा माणसं आणि चार बैल.

बैलांनाही कावीळ असते आणि चिमाबाई ती उतरवते, ही बातमी बाजारभर झालीय. दाखला म्हणून लोक सांगतात की कॉलेजात शिकणाऱ्या पोरीनं वहीत लिहून ठेवलंय. कुशाबांनी तर कहर केला. विकायच्या जोडीला दोन माळा घालून उभे राहिले आणि गिऱ्हाइकाला म्हणत होते, बघा पावणं, कावीळ काढूनच आणलीय जोडी, आता दहा वर्षं बघायचं न्हाई. जोडी गेली.

आत्या पदर तोंडाला लावून इतकी हसली की डावी कूस धरून बसावं लागलं. मग हसायची थांबली. चेहरा कागदासारखा पांढरा, डोळे तेवढे पिवळे. एका बैलानं मान वळवली तेव्हा मी मधे जाऊन उभी राहिले. मला बैलांची भीती वाटते हे लक्षातच राहिलं नाही.

घरी येताना चढावर मलाही कुशीत चमक आली. धावपळीनं असेल.

बाबांचा रिपोर्ट आला. त्यांच्याही गोट्या, पण सौम्य. बाबा म्हणाले, "आपल्या घरान्याचं डोळं हळदीचंच, त्यात काय तपासायचं?" सुदर्शनचे तीन फोन. मी उचलले नाहीत. पेपर आहे.

दुरुस्ती: पेपर संपलेत.

६ फेब्रुवारी

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

आत्याला खोकल्याचं औषध म्हणून मंचरला नेलं. फसवून. तिनं ओळखलंच असणार. मॅडमनी पुन्हा सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, "सौदा करनार का?"

आत्याचे यजमान बैलांचे व्यापारी होते. ते गेल्यावर काही वर्षं तिनेच त्यांची जनावरं विकली. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं एका उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. बाजूच्याला काही कळत नाही. आणि उपरण्याखाली ठरलेला सौदा कोणी मोडत नाही. मोडला तर त्याला पुन्हा बाजारात उभं राहता येत नाही.

आत्यानं खुर्ची ओढली, मॅडमचा हात धरला आणि त्यावर पदर टाकला. मॅडम पुण्याच्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मिटलं.

आत्या म्हणाली, "दवाखान्यात किती दिवस, बोला." पदर जरासा हलला. आत्यानं दोन बोटं दाबली असावीत.

मॅडमना वाटलं बाई घाबरली आहे. त्यांनी तिचा हात पुरा मुठीत घेतला आणि घट्ट दाबून ठेवला. बराच वेळ.

आत्यानं पदर काढला. "पाच. ठरलं."

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं की तुम्ही पाच दिवसांत घरी सोडायचा शब्द दिला आहे. त्या म्हणाल्या, मी तर नुसता धीर देत होते. मग म्हणाल्या, तसे पाच दिवस पुरतात, सगळं नीट झालं तर.

म्हणजे आत्याचं ऑपरेशन एका गैरसमजावर ठरलंय. तिला खरं सांगायला हवं. उद्या सांगते.

८ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

आज आत्याला तीन लशी टोचल्या. प्लीहा रक्तातले काही जंतू पकडते. ती गेली की ते मोकाट सुटतात. म्हणून ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी लस. न्यूमोनियाची, मेंदूज्वराची आणि आणखी एक. आत्यानं विचारलं, कुत्र्याची न्हाई ना? मी सांगितलं की नाही, पण यापुढे कुत्रं चावलं तरी लगेच डॉक्टरकडे जायचं. ती म्हणाली, एवढीशी पानथरी, कुत्र्यावर बी नजर ठेवून व्हती व्हय. पहिल्यांदाच तिच्या आवाजात त्या अवयवाबद्दल आदर जाणवला.

सुदर्शननं मला बघून सुई उचलली. मी म्हटलं, आज उपास आहे. तो म्हणाला, उपासाला चालतं. मी म्हटलं, माझा वेगळा आहे.

२५ फेब्रुवारी

पुणे. सकाळी आत्याला आत नेलं. जाताना तिनं बांगड्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, पाचव्या दिवशी टेम्पो सांगून ठेव.

अडीच तासांनी मॅडम बाहेर आल्या. नीट झालं. आजूबाजूला प्लीहेचं छोटं पिल्लू असतं कधीकधी, ते राहिलं तर पुन्हा वाढतं, म्हणून तेही शोधलं. होतं. वाटाण्याएवढं. काढलं.

बाबा जिन्यात बसून रडले. मग मला म्हणाले, कुणाला सांगू नको. दैनंदिनीत लिहिणं म्हणजे सांगणं होतं का, यावर बराच विचार केला. होत नसावं.

२ मार्च

पाचवा दिवस. मॅडम म्हणाल्या, उद्या बघू. आत्या म्हणाली, पदराखाली ठरलंय. बाजूच्या खाटेवरच्या बायका उठून बसल्या. मॅडमनी जखमा पाहिल्या, रक्त पाहिलं, कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप हा यापुढे सगळ्यात मोठा शत्रू. जरासा आला तरी जवळच्या गोळ्या सुरू करून थेट दवाखाना. तसं कार्ड आत्याच्या पिशवीत कायम ठेवायचं. सगळं ऐकवून त्यांनी सोडलं. वर म्हणाल्या, मी शब्द मोडत नाही. आत्याला त्या फार आवडल्या.

टेम्पो कुशाबांचाच. या वेळी बैल नव्हता, पण वास होता.

१७ मार्च

आत्याचे डोळे कवडीसारखे पांढरे झालेत. सगळं घर तिच्याकडे बघत बसतं. हिमोग्लोबिन अकरा. ती चढ न थांबता चढते आणि वर जाऊन मला हाका मारते. मी दोनदा टेकते.

आज ती पहिल्यांदा बाजारात गेली. लिंबाखाली बसली. लोक आले, डोळ्यांकडे पाहिलं, जरा घुटमळले आणि लांब जाऊन उभे राहिले. एक बाई तर म्हणाली, चिमाबाईचं देणं गेलं. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. आत्या शेंगा फोडत बसली. माझ्याकडे बघून हसली, पण ती शेंगांचीच गोष्ट होती, मला आठवली. मीच तिला इथे आणलं. मी आणि माझा तीन गुणांचा धडा.

२४ मार्च

हे कसं लिहू कळत नाही.

आज लिंबाखाली गर्दी होती. आत्यासमोर नाही. मी डबा घेऊन गेले तर पारगावचा तो म्हातारा उठून माझ्या पाया पडला. मग बाकीचे. कोणी माझ्यापुढे घेटुळीचा भारा ठेवला. मला वाटलं बैलांचं काहीतरी असेल. कुशाबांनी समजावलं.

"आत्याची कावीळ तू वढून घेतली ना, पोरी? डोळं बघ की तुझं."

मी हसले. आत्याकडे पाहिलं. आत्या हसत नव्हती. तिनं माझी हनुवटी उन्हाकडे वळवली आणि पापणी खाली ओढली, जशी ती रोग्यांची ओढते.

कुशाबांच्या मोटारसायकलच्या आरशात पाहिलं. रोज सकाळी मी आरशात भांग पाडते. आज डोळे पाहिले. हळदीचे.

गुळपोळी. चढ. कुशीतली चमक. मी सगळं तारीखवार लिहून ठेवलंय. आत्ता मागची पानं चाळली. परीक्षकानं याला काय म्हटलं असतं?

मी बाजारभर सगळ्यांना सांगत होते की माळेकडे डोळे उघडून बघा. आणि सुदर्शनशी पाच वेळा खोटं बोलले. दुरुस्ती: उपास धरून सहा.

३१ मार्च

काल पाडवा झाला. आज बाजार.

आज सकाळीच आत्या म्हणाली, चल, तुझी माणसं वाट बघत असतील. लिंबाखाली वीसेक जण होते. कडेला सुदर्शन उभा होता, हातात पेटी. मी विचारलं तर म्हणाला बैल बघायला आलोय. त्याच्याकडे गोठासुद्धा नाही.

आत्यानं सगळ्यांना सांगून टाकलं की इथून पुढे आधी रक्त तपासायचं, मग माळ. काविळी नाना तऱ्हेच्या, कोणती कुठली ते रक्तच सांगतं. आणि आता हे साधना बघेल, ती शिकलीय. कोणी हललं नाही. मग कुशाबा म्हणाले, "आन साधनानं दिलंय का सोताचं?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे आता येणार नाही असं ठरवलंय. मी नाही म्हणाले.

वीस माणसं, कुशाबा आणि दोन बैल माझ्याकडे बघत राहिले.

उलट्या घातलेल्या क्रेटवर बसले. सुदर्शननं डाव्या हाताला पट्टा बांधला. आत्या उजवीकडे बसली, माझा हात घेतला आणि वर पदर टाकला.

"बोल. किती नळ्या?"

मी एक बोट दाबलं. सुदर्शन म्हणाला, दोन तरी लागतील. आत्यानं दोन बोटं दाबली. तेवढ्यात सुई दिसली आणि मी आत्याचा पुरा पंजा धरला, जेवढं बळ होतं तेवढं लावून. तो आकडा नव्हता. भीती होती.

"ठरलं," आत्या म्हणाली. पण तिनं पाच म्हटलं नाही. सुदर्शननं दोनच नळ्या घेतल्या.

तेव्हा मला उमगलं. उपरण्याखाली बोटं वाचून जनावरं विकलेली बाई ती. मॅडमचा पंजा म्हणजे आकडा नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं असणार. तिला हो म्हणायचंच होतं. फक्त दुसऱ्यानं समजावलं म्हणून नाही, स्वतः सौदा करून म्हणायचं होतं. आणि मी दोन महिने तिला खरं सांगायचं की नाही म्हणून झुरत होते.

माझ्यानंतर चौदा जणांनी रक्त दिलं. एकानं बैलही पुढे केला. सुदर्शननं नम्रपणे नकार दिला.

३ एप्रिल

गोट्या. पण सौम्य, बाबांसारख्या. सोनोग्राफीत प्लीहा साडेतेरा. मॅडमनी फोनवर सांगितलं की माझी काढायची काही गरज नाही. रोज फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, वर्षाला एक सोनोग्राफी, आणि बैलांपासून जरा लांब. मी दिवसभर खुळ्यासारखी हसतेय. दोन वर्षं अख्ख्या पुस्तकातले रोग मला झालेत असं वाटत होतं. झालेला एकच निघाला, आणि तो मला आवडूही लागलाय.

बाजारातल्या चौदांपैकी नऊ जणांना यकृताची साधी कावीळ आहे, तिघांना काहीच नाही. एका बाईच्या पित्तनळीत सोनोग्राफीत खडा दिसला. तिला आत्यानं त्याच दिवशी मंचरला नेलं होतं, स्वतः टेम्पोत बसून. आणि एक मुलगी आमच्यासारखी, गोट्यांची. तिच्या आईनं आत्याला विचारलं, मोठी झाल्यावर पोरीचं कसं होईल? आत्यानं पदर बाजूला सारून पोटावरचे चार बारीक व्रण भर बाजारात दाखवले. आता लोक ते बघायला येतात. माळ मात्र ती अजून देते, कागदाबरोबर. यावर आमचं भांडण चालू आहे. चालू राहील.

रिपोर्ट द्यायला सुदर्शन स्वतः घरी आला. फोनवर सांगता आलं असतं, पेट्रोल वाचलं असतं, असं मी त्याला म्हटलंही. तो हो म्हणाला आणि दुसरा चहा घेतला. निघताना आत्याला नमस्कार करायला वाकला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला आणि वर पदर टाकला. बराच वेळ पदर हलत होता. शेवटी दोघंही एकदम हसले.

किती बोटं दाबली, ते आत्याही सांगत नाही आणि तोही. काहीतरी ठरलंय एवढं नक्की. बहुधा माझ्या पुढच्या तपासणीची तारीख असेल.